एकदाच प्रवेश

"एकदाच प्रवेश!" चंद्रहास लॅपटॉपवर वाकला. ईशानीच्या उझबेकिस्तानच्या व्हिसावर तसंच छापलं होतं. अर्ज त्यानंच भरलेला, त्याच्याकडच्या तिच्या पासपोर्टच्या जुन्या स्कॅनवरून. आणि तो एक प्रवेश पोरीनं मागच्या आठवड्यात वापरलासुद्धा होता.

"मृदुला, ती अडकणार!"

मृदुला ओट्याशी पोह्यांसाठी कांदा चिरत होती. "कोण?"

"कोण काय? लेक आपली! परवा मैत्रिणींबरोबर कझाकस्तानात गेली ना, आता बसनं परत ताश्कंदला निघालीय. तिला आत घेणार नाहीत. बस पुढे जाईल आणि ही उभी राहील एकटी रस्त्यावर."

त्यानं फोन लावला. बंद. सीमेवरच्या चौकीत फोन बंद ठेवायला लावतात, हे तिनंच सकाळी कळवलं होतं.

अठरा वर्षांची पोर. शाळा संपली तशी पाठीला बॅग अडकवून आशिया बघायला निघाली, दोन डच मैत्रिणींसोबत.

"त्या दोघींचं बरंय," तो चरफडला. "व्हिसाबिसा काही नाही. पासपोर्ट दाखवला की फाटक उघडलं."

"मग आपणही डच पासपोर्ट घ्यायचा होता. पंधरा वर्षं झाली इथं नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला."

"पुन्हा तेच! तो घेतला की आपला सोडावा लागतो. माझ्या घरात कुणी भारताचा पासपोर्ट सोडणार नाही. सोयीसाठी देश बदलायचा? लाज नाही वाटत?"

पंधरा वर्षं कंपनीत त्याचं इंग्रजीवर भागलं होतं. डचचं एक वाक्य धड येत नव्हतं, आणि त्याचीही त्याला मिजास. डॉक्टर, शाळा, नगरपालिका सगळं मृदुला निस्तरायची. ती कागद पुढे सरकवायची, हा न वाचता सही ठोकायचा. देशप्रेमावर भाषण द्यायला मात्र साहेबांना वेळच वेळ.

त्यानं वकिलातीला फोन केला. शनिवार. रेकॉर्ड केलेली बाई बोलत राहिली. मग तो ताश्कंदची विमानं शोधू लागला.

"तू एवढी थंड कशी गं?"

"ओरडून फाटक उघडणारे का?"

पाऊण तास गेला. पोहे कुणी खाल्ले नाहीत. मग त्याचा फोन वाजला. घरच्या ग्रुपवर ईशानीचा फोटो. तिघी दात काढून हसताहेत, हातात पासपोर्ट उंच धरलेले. खाली लिहिलं होतं, 'ताश्कंदला पोचतोय! दोन मिनिटांत शिक्का!'

चंद्रहास मटकन खुर्चीत बसला. डोळे पुसले. "सुटली गं बाई!" म्हणत त्यानं लेकीचा चेहरा बघायला फोटो मोठा केला.

आणि थांबला. तीन पासपोर्ट. तिन्ही लालसर.

"हिचा भारताचा निळा कुठाय?"

मृदुलानं पोह्यांवर झाकण ठेवलं.

"हिनं डच घेतला? कधी?"

"गेल्या वर्षी."

"म्हणजे सतराव्या वर्षी? एवढ्याशा पोरीला एकटीला देतात?"

"एकटीला नाही देत. आई नाहीतर बाप, कुणाला तरी घ्यावा लागतो. मग त्याच्याबरोबर मुलांना मिळतो."

तिनं त्याच्या हातातला फोन काढून टेबलावर ठेवला.

"दिवाळीला पुण्याला जायचंय ना? मला भारताचा व्हिसा लागेल."