निनावी तक्रार

मोताळ्याच्या एका कॉलेजात मंजुश्री गवई मॅडम बावीस वर्षांपासून तेच जुनं इंग्रजी नाटक शिकवत होत्या. त्यातले चावट, दुहेरी अर्थाचे विनोद त्या मोठ्यानं वाचायच्या आणि क्षणभर थांबायच्या. आजवर कोणीच हसलं नव्हतं. पोरं गाइडमधलं उत्तर उतरवून घ्यायची आणि मॅडम थकून पान उलटायच्या.

सोमवारी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं आणि एक निनावी कागद पुढे सरकवला. "मॅडम, वर्गात अश्लील शिकवता म्हणून तुमची तक्रार आली. काऊन झंझट करून राह्यल्या ह्या वयात? खुलासा लिहून द्या, नाही तर मले हे वर पाठवा लागीन."

मॅडम उभ्या उभ्याच वाचू लागल्या. तक्रार करणाऱ्यानं नाटकातले अकरा विनोद पान क्रमांकासह लिहिले होते आणि प्रत्येकाचा छुपा अर्थ स्वच्छ मराठीत उलगडून दिला होता. त्यातले दहा मॅडमना पाठ होते. अकरावा मात्र बावीस वर्षांत त्यांच्याही लक्षात आला नव्हता.

तो वाचून मॅडमना प्राचार्यांसमोरच खुदकन हसू फुटलं.