घरपोच

जरा पुढे सरकून बसा मायबाप, कुत्र्यांची एक गोड गोष्ट सांगतो.

आमच्या पोस्टमनकाकांचं आणि वाटेवरच्या कुत्र्यांचं हाडवैर. टपाल वाटून काका घरी निघाले की प्रत्येक गल्लीतलं कुत्रं त्यांच्या खाकी कपड्यांवर भुंकत सुटायचं आणि त्यांना पुढच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या हवाली करून मगच मागे फिरायचं. काका निवृत्त झाले, वैर काही निवृत्त झालं नाही.

हल्ली काकांना विसर पडू लागला होता. एके दिवशी जुना खाकी सदरा चढवून ते कुणाला न सांगता बाहेर पडले. दिवेलागण झाली तरी परतले नाहीत. सून रडकुंडीला आली. "आई, त्यांना घर तरी आठवेल का हो? पोलिसांत कळवू या."

दारात उभ्या असलेल्या काकूंनी हात वर केला. "थांब. ऐक."

लांब बाजाराकडून भुंकणं उठलं. मग जरा जवळ, बेकरीच्या गल्लीत. मग अगदी लाँड्रीपाशी.

काकूंचा चेहरा उजळला. "रोजच्याच वाटेनं हाकलत आणतायत मेली! चहा टाक गं."

काका धापा टाकत दारात आले. "इतकी वर्षं झाली, ही कुत्री काही सुधारत नाहीत!"

"नकोच सुधारायला," म्हणत काकू बिस्किटांचा पुडा घेऊन लगबगीनं बाहेर पडल्या.

तर मायबाप, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या भुंकणाऱ्यांचीही आठवण असू द्या. काकांना ती राहायची नाही.