जागी जनुकं
मुलाच्या आईने मुलीच्या कानात डूल घातले, की आम्हा कझाकांत सोयरीक पक्की. पाहुणीबाईंनी डुलांची डबी उघडली, तोच माझी लेक मेरुएर्त म्हणाली, “थांबा. माझ्यात एकच एक्स गुणसूत्र आहे.” सकाळपासून मी तिच्यामागे लागले होते, “बोलू नकोस गं. बाईचं दुसरं एक्स झोपलेलंच असतं, डॉक्टरच म्हणाले ना? मग ते नसलं तर काय बिघडलं?” पण ती सांगतच राहिली, “झोपलेल्या गुणसूत्रातही काही जनुकं जागी असतात. ती मला कमी पडली, म्हणून मी ठेंगणी. मूलही बहुधा होणार नाही.” डबी मिटली. अल्लाचं नाव घेत, नजर त्या डबीवरच ठेवून मी चहा ओतला. पियाला काठोकाठ भरला. आमच्यात तसा पियाला म्हणजे पाहुण्याला ‘निघा आता’. त्यांनी पियाल्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. “विहीणबाई, हाकलता होय? अर्धाच भरा. हिला बरंच विचारायचंय.”