तीन चुकीची उत्तरं

दार उघडेना. बाळंतिणीने मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा पुन्हा एकदा दाराशेजारच्या काळ्या चौकोनाजवळ धरला. पुन्हा लाल दिवा. कुशीत पाच दिवसांची मुलगी झोपली होती, तिच्या पायातही तसलाच चिमुकला पट्टा होता. घरी सोडायच्या कागदांवर सकाळीच सह्या झाल्या होत्या. पिशव्या बांधून तयार होत्या. नवरा खाली गाडी घेऊन उभा होता.

“अहो सिस्टर, मी आई आहे हिची!” तिचा आवाज चढला. “या मेल्या दाराला कळत नाही का?”

या मजल्यावर तिचा जीव नकोसा झाला होता. खिडक्यांना जाळ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत बावीस पावलं, आणि टोकाला हे दार. आईचा आणि बाळाचा पट्टा जुळल्याखेरीज ते कुठल्याच बाळाला बाहेर जाऊ देत नसे. पहिल्या दिवशी ते ऐकून तिला हायसं वाटलं होतं. आता घुसमट होत होती.

इथून ती थेट माहेरी जाणार होती, ते तिने केव्हाच ठरवलं होतं. सातव्या महिन्यात त्यावरून घर डोक्यावर घेतलं गेलं. “जायचं तर खुशाल जा,” नवरा म्हणाला होता, “मूल मात्र या घरातून हलणार नाही.” पण मुलीचं तोंड पाहिलं आणि माणूस पार विरघळला. परवा तासभर बायकोचा हात हातात घेऊन बसला. “मीच सोडतो तुम्हा दोघींना तुझ्या आईकडे,” असं आपणहून म्हणाला. ते ऐकून तिला रडू आलं होतं.

दाराची देखभाल करणारी तंत्रज्ञ मुलगी आली. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथेच बाकावर टेकली.

“दार बिघडलेलं नाही, ताई. त्याने तुमचा नंबर बंद केलाय. तीनदा चुकीचं उत्तर मिळालं की करतं.”

“कसलं उत्तर? मी कुठे काय बोलले?”

“पट्टा बोलतो,” मुलगी हसली. “नुसता नंबर काय, पट्ट्याजवळ फोन धरून कुणीही उचलेल. म्हणून दार दर वेळी नवा प्रश्न विचारतं. उत्तर काढायची किल्ली पट्ट्याच्या पोटात असते, ती कधीच बाहेर पडत नाही. नकली पट्टा नंबर सांगतो आणि उत्तराला अडतो.” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “हे बघा. नंबर तुमचाच, उत्तरं तिन्ही चुकीची. दहा वाजून चार, पाच आणि सात मिनिटांनी.”

“दहाला मी आंघोळीला गेले होते.”

“पण बाळाचा पट्टा तर तेव्हा दाराशीच होता.” तंत्रज्ञ मुलीचं हसू मावळलं.

“मिस्टर होते ना यांचे,” सिस्टर म्हणाल्या. “लेकीला घेऊन दारापाशी येरझारा घालत होते. मी म्हटलं, काय लळा आहे बापाचा!”

बाळंतिणीने मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. परवा त्याने एका हातात तिचं मनगट धरलं होतं. दुसऱ्या हातात फोन होता. आज सकाळी तोच म्हणाला होता, “निवांत आंघोळ कर, घाई नको, मी घेतो हिला.”

तिचा फोन वाजला.

“अगं, कुठे अडकलीस?” नवऱ्याचा आवाज मधाळ होता. “हे बघ, तू सावकाश ये. बाळाला सिस्टरबरोबर पुढे पाठव. माझी आई आलीय गाडीत, ती घेईल.”

सासूबाई येणार आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने फोन बंद केला. लेकीला छातीशी घट्ट धरलं.

“काळजी करू नका, ताई,” तंत्रज्ञ मुलगी नवा पट्टा काढत म्हणाली. “दोन मिनिटांत दार उघडतं बघा.”

“नको!” बाळंतीण दारापासून मागे सरली. “माझ्या आईला बोलावते. ती येईपर्यंत कुणी काहीही सांगितलं, तरी हे दार बंद ठेवाल का?”