युद्धातला तास

कागद जळायला वेळ लागला नाही. भाताचं आधण ठेवता ठेवता सरलाबाईंनी तो शेगडीत सरकवला आणि अठ्ठावीस वर्षं जपलेली हॉस्पिटलची चिठ्ठी बघता बघता काळी झाली. चिठ्ठीवर वृंदाच्या जन्माची वेळ होती. सकाळी साडेसात.

पत्रिकेत मात्र साडेसहा होते, नवऱ्याच्या टपोऱ्या अक्षरात. त्यात चूक काहीच नव्हती. महायुद्धाच्या दिवसांत सरकारनं सगळी घड्याळं तासभर पुढे करून ठेवली होती. दिगंबरराव गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत वेळापत्रकं करायचे. लेकीची पत्रिका मांडताना त्यांनी आधी तो खोटा तास वजा केला, मग पुढचं गणित. खरी वेळ साडेसहा. लग्न मकर, आणि गुरू आठव्या घरात.

बाईच्या पत्रिकेत गुरू म्हणजे नवरा, आणि आठवं घर मरणाचं. एवढं कळायला ज्योतिषी लागत नाही. कलकत्त्यातली मराठी घरं ती किती, पण आठ स्थळं आली आणि पोहे खाऊन, पत्रिका बघून परत गेली. दिगंबरराव गेले, क्वार्टर सुटलं, मायलेकी बेहालाच्या दोन खोल्यांत आल्या. वृंदा शाळेत शिकवू लागली. गुरुवारचे उपास मात्र सुटले नाहीत.

"दर गुरुवारी पिवळं खाऊन मीच पिवळी पडले ग आई," ती म्हणायची. "आणि नवरा मेला की लोक बायकोची पत्रिका काढतात. त्याची कधी कुणी काढलीय?"

"शुभ बोल जरा."

"शुभ ते सगळं तुझ्या गुरूकडे. माझ्याकडे वह्या तपासायच्यात."

आता नववं स्थळ येणार होतं. श्रीधरपंतांचा विनायक, विमा कंपनीत नोकरीला. तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेलं घर. श्रीधरपंत स्वतः पंचांग जाणणारे. मराठी मंडळातले सगळे मुहूर्त तेच काढायचे. त्यांना फसवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं.

चिठ्ठीची राख सरलाबाईंनी चिमट्यानं मोडली.

बापलेक संध्याकाळी आले. फाल्गुनातल्या उकाड्यातही विनायकच्या गळ्यात मफलर होता. जिन्याच्या वळणावर तो कठडा धरून थांबला.

"जिना अस्सल बंगाली आहे तुमचा," वर आल्यावर तो हसत म्हणाला. "अर्ध्या वाटेत गप्पांचा अड्डा जमवायला लावतो."

वृंदा हसली. पोहे घेऊन आलेली ती पाहुण्यांसमोर हसली, असं पहिल्यांदाच झालं. सरलाबाईंना तेवढं पुरे होतं.

"पत्रिकेत यांची एक चूक राहिलीय," त्या म्हणाल्या. उभ्या आयुष्यात मिनिटाचीही चूक न केलेल्या माणसाबद्दल त्या बोलत होत्या. "युद्धातल्या घड्याळाचे साडेसहा आहेत हे. तास वजा करायचा राहूनच गेला."

श्रीधरपंतांनी पत्रिका बराच वेळ पाहिली.

"दिगंबरराव विसरले?"

"माणूसच ते."

"हो. माणूसच."

त्यांनी पेन्सिल काढली, पंचांग उघडलं, साडेपाचचं गणित मांडलं. लग्न धनू, गुरू नवव्यात. "भाग्यात गुरू! वहिनी, मग अडचण कसली?"

"हॉस्पिटलचा कागद होता हो, पण वाळवीनं..."

"कागद कशाला? तुमचा शब्द आहे ना." त्यांनी देण्याघेण्याचा विषयही काढला नाही. "तीन आठवड्यांनी मुहूर्त आहे, उरकून टाकू. ही जुनी पत्रिका तेवढी माझ्याकडे राहू द्या."

मुलाची पत्रिका मागायचं सरलाबाईंना सुचलंच नाही. स्वतःची चोरी लपवणाऱ्याला समोरच्याचा खिसा चाचपायचं कुठून सुचणार?

लग्न झालं. वृंदा रविवारी ट्राममधून यायची ती गुणगुणतच. विनायक तिला बाजारातून चाफा आणायचा, तिच्या शाळेतल्या मुलींच्या वह्यांतल्या गमती वाचून दोघं रात्र रात्र हसायची. गुरुवारी ती काय खाते, हे सरलाबाईंनी विचारणं सोडलं. त्या स्वतः मात्र कडक उपास धरू लागल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, "पित्ताचं पथ्य आहे."

भाद्रपद सरता सरता विनायक कचेरीत कोसळला.

हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू बांधणं चाललं होतं. डॉक्टर मान हलवून निघून गेले. आत वृंदा त्याचा हात धरून बसली होती. बाहेरच्या बाकावर श्रीधरपंत होते. सरलाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला काही सांगायचंय. तो तास मी चोरला. हे विसरले नव्हते. पोरीचा गुरू आठवाच आहे, श्रीधरपंत. चिठ्ठी मी माझ्या हातानं जाळली. माझं पाप तुमच्या मुलाला भोवलं."

श्रीधरपंत दचकले नाहीत. धोतराच्या सोग्यानं त्यांनी चष्मा पुसला.

"ठाऊक आहे, विहीणबाई. एका मिनिटासाठी गार्डाशी भांडणारा माणूस तो. अख्खा तास विसरेल?"

"मग... मग हो का म्हणालात?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. दिगंबररावांचं टपोरं अक्षर. मांडीवर ठेवून ते घडीची रेघ बोटानं सपाट करत राहिले.

"विनूच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे. तिशी गाठणार नाही म्हणाले होते. त्याच्या आईला त्याचं लग्न बघायचं होतं," ते हळूच म्हणाले. "उद्या लोक दारात येतील, कसं झालं म्हणून विचारतील. तेव्हा दाखवायला काहीतरी नको का?"