पुलापलीकडचा तास

मी व्हेनेझुएलातून कोलंबियात पूल ओलांडणाऱ्यांचं सामान ओढतो. आज हातगाडीवर आईची बॅग होती आणि आई शेजारून चालत होती. पलीकडून तिचं अकराचं विमान होतं. चिलीला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, कायमचं. पूल संपला तेव्हा तिच्या मनगटावरच्या घड्याळात दहा वाजले होते.

"योर्मान, जरा टेक. मक्याच्या अरेपा आणल्यात, दोन घास खाऊ."

"विमानात खा गं! आधीच उशीर झालाय." मी तिला टॅक्सीत जवळजवळ कोंबलंच.

आमच्यात निघताना लेकरानं आशीर्वाद मागायचा असतो. मागितला की मगच आई देते. ती काचेतून वाट बघत राहिली. मी मागितला नाही; मागितला असता तर तिला जाऊ देववलं नसतं. टॅक्सी गेली.

अर्ध्या तासानं विमानतळावरून तिचा फोन आला. "अरे, इथल्या घड्याळात तर आत्ता साडेनऊ वाजतायत!"

कोलंबियाचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे चालतं. रोज दहा खेपा मारणाऱ्याला हे का कुणी सांगायला लागतं?

तिलाही ते उमगलं असावं. मग, मी न मागताच, म्हणाली, "देव तुझं भलं करो, लेकरा."