गाडीच्या माघारी

शेखरनं गाडीच्या बोनेटवर मोटारींचं मासिक उघडलं आणि पहिली ओळ वाचायला घेतली, तोच सुशीलाबाईंनी त्याचा दंड धरला.

“इथं नको वाचू.”

“काहून?” पुण्यात बारा वर्षं काढूनही आईसमोर त्याच्या तोंडून हाच शब्द निघे.

“आज दसरा आहे. आत्ताच तिची पूजा झाली. आजच्या दिवशी तिच्या तोंडावर नावं नाही ठेवत. मागच्या अंगणात चल.”

पूजा शेजारच्या देवीदासजींनी केली होती. शेखरच्या वडिलांना, यशवंतरावांना जाऊन पाच महिने झाले होते. या वर्षी घरात सण नव्हता. पण देवीदासजी सकाळीच झेंडूचा हार घेऊन हजर. “सण तुमच्या घरी नाही, वहिनी. गाडीले काहून सुतक?” त्यांच्याकडेही हीच गाडी होती, रंगही हाच. यशवंतरावांच्याच नादानं घेतलेली.

सगळे घराला वळसा घालून मागे, कपडे धुवायच्या दगडाशी जमले. शेखर, सुशीलाबाई, देवीदासजी, त्यांच्या पत्नी मीराबाई, आणि सगळ्यात मागे शेखरची बहीण देवयानी. गाडी आता तिच्या नावावर होती. भावाला ती काढून आईसाठी नवी घ्यायची होती. अकरा वाजता शोरूमचा माणूस नवी गाडी दाखवायला येणार होता, आणि जुनी देण्याच्या कागदावर सही लागणार होती ती देवयानीची. तिला गाडी द्यायची नव्हती. का, ते मात्र मुद्द्यात मांडता येत नव्हतं. शेखरकडे मुद्दे छापील होते.

“एक,” तो म्हणाला. इंग्रजीत वाचून तो मराठीत सांगत होता. “दिसायला चाकं लावलेलं कपाट.”

“कपाटच पाहिजे,” मीराबाई म्हणाल्या. “हे गुडघे घेऊन दुसऱ्या गाडीत बसायचं म्हणजे मान खाली घालून शिरा लागते, जशी काही चोरी करून राहिली. हिच्यात मी ताठ मानेनं बसते.”

“दोन. पिकअप नाही. ओव्हरटेक करायला धीर लागतो.”

“यशवंतरावले ओव्हरटेक करायचं होतं कोणाले?” देवीदासजी म्हणाले. “ते सायकलवाल्यालेही म्हणत, पहले आप.”

“काका, हे तज्ज्ञ आहेत. पाच हजार किलोमीटर चालवून मग लिहितात.”

“पाच हजार तर आम्ही नागपूरच्या लग्नांतच काढले.”

“तीन. मागच्या सीटवर तीन माणसं नीट मावत नाहीत.”

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. “तीनच कधी बसले होते? विनीताच्या लग्नाले आपण सात जण गेलो. वरून दुबराज तांदळाचं पोतं.”

“आठ,” देवयानी म्हणाली. “पिंकी मांडीवर होती.”

“कोणाच्या?”

“सगळ्यांच्याच. आळीपाळीनं.”

शेखरलाही हसू आलं. पिंकीला उलटी झाली होती, ती त्याची पाळी असताना. त्यानं घाईनं पान उलटलं.

“चार. इंजिनाचा आवाज आत इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.”

मीराबाई तुळशीकडे पाहू लागल्या. हा आवाज त्यांच्या साऱ्या पुरानी बस्तीला ठाऊक होता.

“हे मात्र खरं आहे,” सुशीलाबाई म्हणाल्या.

शेखरनं मासिक मिटलं.

“म्हणून तर ते गात,” सुशीलाबाई पुढे म्हणाल्या.

“कोण? बाबा?”

“घरात कधी गुणगुणलेही नाही. गाडी सुरू झाली का हेही सुरू. भजन, सिनेमातलं, जे आठवेल ते. त्यांना वाटे, एवढ्या आवाजात कोणाले ऐकू जाते.”

“अन् ऐकू येतं हे तुम्ही कधी सांगितलं नाही, वहिनी?”

“सांगितलं असतं तर थांबले असते.”

देवयानी आईकडे पाहतच राहिली. नऊ वर्षं मागच्या सीटवरून, खिडकीबाहेर बघण्याचं सोंग करून, तीही ते ऐकत आली होती. आपण एकटीच ऐकतो, असं तिला वाटत होतं.

“मी कधीच ऐकलं नाही,” शेखर म्हणाला.

“तू सुटीवर आला का कानात वायरी घालून बसायचा, बाबू.”

पुढून हॉर्न वाजला. शोरूमचा माणूस टाय लावून आला होता. त्यानं सुशीलाबाईंना अदबीनं नव्या गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि किल्ली फिरवली. मग दार उघडून विचारलं, “आंटीजी, इंजन चालू है. कुछ सुनाई दिया?”

सुशीलाबाईंनी नीट कान देऊन ऐकलं. “नहीं बेटा. कुछ भी नहीं.”

तो खूश झाला आणि देवयानीपुढे कागद धरला. तिनं तो वाचला, नीट घडी केली आणि परत दिला.

“आज नहीं, भैया.”

“तो कल आ जाऊँ, दीदी?”

“कल भी नहीं.”

तिनं शेखरकडे पाहिलं. तो मासिकाची सुरळी करत होता.

“अरे, चाकाखाली लिंबू ठेवून किती वेळ झाला,” देवीदासजी म्हणाले. “गाडी थोडी समोर घ्या लागते ना.”

देवयानी स्टिअरिंगवर बसली. सीट अजून बाबांच्याच मापाची होती. तिनं पाठीशी उशी घेतली. आई पुढे बसली, बाकीचे तिघे मागे, त्यांत मीराबाई ताठ मानेनं मधोमध. लिंबू फुटलं. थोडी समोर घ्यायची गाडी गल्लीबाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली आणि तेलीबांध्याच्या तळ्याकडे निघाली. देवीदासजी काहीतरी सांगत होते, ते कोणालाच ऐकू येत नव्हतं.

आरशात तिला शेखर दिसला. तो खिडकीबाहेर पाहत होता आणि त्याचे ओठ तालात हलत होते. आईनं मान वळवली नाही.

पुढे रस्ता मोकळा होता. तरी देवयानीनं गाडी दुसऱ्या गिअरमध्येच घरघरत ठेवली.